इराकच्या युद्धाचे समर्थक गेले कुठे?

टेम्सकाठचा :
वडिलांच्या निधनानंतर त्यांचे कपाट आवरण्यासाठी मागच्या महिन्यात पुण्याला गेलो होतो. २००० साली नोकरीसाठी इंग्लंडला आल्यापासून मी पाठवलेली सगळी पत्रे त्यांनी तारीखवार लावून, कचेरीतल्या कागदांसारखी नाडीत ओवून ठेवली होती. त्यांत २२ मार्च २००३ चे एक एरोग्राम आहे. इराकमध्ये बॉम्ब पडू लागून तेव्हा दोनच दिवस झाले होते. त्यात माझ्याच अक्षरात लिहिले आहे : "सद्दामचे एकदाचे काय ते होऊन जाऊ दे."

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मुलीच्या शाळेत इतिहासाचा एक प्रकल्प आहे, 'इराक युद्धाच्या वेळी आपल्या घरातील मोठ्यांची भूमिका काय होती' असा. आमचा पहिल्यापासून विरोध होता, असे मी तिला नुकतेच सांगितले होते. खोटे बोलतो आहे असे सांगताना मनातही नव्हते. माझी खरोखरच तशी समजूत होती.

यात मी एकटा नाही असे दिसते. यूगव्ह या संस्थेच्या २००३ मधील पाहण्यांत सरासरी ५४ टक्के ब्रिटिश लोक युद्ध योग्य आहे असे म्हणत होते. त्याच संस्थेने २०१५ मध्ये 'त्या वेळी आपले मत काय होते' असे विचारले, तेव्हा समर्थनाची आठवण फक्त ३७ टक्क्यांना होती. मग उरलेले गेले कुठे?

युद्ध बरोबर होते की चूक, यावर येथे पुष्कळ चर्चा झाली आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या वेळी आपण काय म्हणत होता आणि कशाच्या आधारावर म्हणत होता. शक्य असल्यास आठवणीपेक्षा एखाद्या कागदाच्या आधारे सांगावे.

खवचट :
समर्थक कुठे गेले ते ठाऊक नाही. मात्र 'त्या दिवशी मी हाइड पार्कमध्ये होतो' असे सांगणारे सगळे जण खरोखर तिथे असते, तर पार्क पनवेलपर्यंत वाढवावे लागले असते.

मीरा क. :
खवचट, मी खरोखर होते, आणि पुराव्यादाखल एक फलक आजही माळ्यावर आहे. १५ फेब्रुवारी २००३, शनिवार. मी तेव्हा लंडनमध्ये शिकत होते. एक मोर्चा एम्बँकमेंटवरून आणि दुसरा गॉवर स्ट्रीटवरून निघाला, दोन्ही पिकॅडिली सर्कसला मिळाले आणि तेथून पुढे सगळे हाइड पार्ककडे सरकू लागले. चालणे असे नव्हतेच. पुढचा माणूस हलला की आपण अर्धे पाऊल टाकायचे. थंडी एवढी की हातमोज्यातही फलकाची काठी धरवत नव्हती. पोलिसांनी साडेसात लाख माणसे मोजली आणि आयोजकांनी वीस लाखांपर्यंतचा आकडा सांगितला.

माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच मोर्चात आले आहे, असे त्यांनी तीनदा सांगितले. त्यांच्याजवळ थर्मास होता आणि हातात 'युद्ध नको, चहा करा' अशा अर्थाचा, तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर यांच्या डोक्यावर चहाचा कप पालथा घातलेला तो प्रसिद्ध फलक. त्यांनी मला खरोखरच चहा दिला.

महिनाभराने, १८ मार्चला, हाउस ऑफ कॉमन्समध्ये युद्धाचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला. आपण एवढे लोक चाललो आणि घडले काहीच नाही, हे मला पुढे कित्येक वर्षे पचले नाही. त्यानंतर मी कुठल्याही मोर्चात गेले नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

सरळरेषा :
टेम्सकाठचा यांचा प्रश्न चांगला आहे, पण '५४ टक्के समर्थक' हा एकसंध गट होता असे समजून चालणार नाही. त्या हिवाळ्यातल्या ब्रिटिश पाहण्या पाहिल्या तर उत्तर प्रश्नाच्या शब्दांवर ठरत होते. 'संयुक्त राष्ट्रांची मंजुरी मिळाली तर' असे जोडले की बहुसंख्य लोक युद्धाच्या बाजूने जात, आणि 'मंजुरी नसली तरी' असे विचारले की तेच लोक मागे सरत. मंजुरीचा ठराव संयुक्त राष्ट्रांत झालाच नाही. तरीही सैन्य आत शिरताच समर्थनाचा आकडा वर गेला. अट गळून पडली ती कोणाचे मन वळले म्हणून असे मला वाटत नाही. आपलीच मुले रणांगणावर आहेत, आता विरोध कसा करायचा, हा विचार त्यामागे होता.

अमेरिकेत हा चढ आणखी मोठा होता. मार्च २००३ मध्ये गॅलपच्या पाहणीत ७२ टक्के लोक युद्धाच्या बाजूने होते आणि एप्रिल २००८ मध्ये ६३ टक्के लोक ती चूक होती असे म्हणत होते. या दोन आकड्यांची बेरीज शंभराच्या बरीच पुढे जाते, तेव्हा निदान तिसरा हिस्सा लोकांनी मत बदलले असणार हे उघड आहे. त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते बदल झालाच नव्हता असे सांगणे.

एडिसनकर :
मी त्या ७२ टक्क्यांत आहे, आणि कसा आहे ते सांगतो.

तेव्हा मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर होतो. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे एका शीख गृहस्थांना, पगडी पाहून, त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घालून मारले होते. आमच्या इमारतीतल्या बहुतेक भारतीयांनी त्या आठवड्यात गाड्यांना अमेरिकेचे छोटे झेंडे लावले आणि ते फाटेपर्यंत काढले नाहीत. फेब्रुवारी २००३ मध्ये सरकारने सांगितले की रासायनिक हल्ल्याच्या भीतीने घरात प्लास्टिकचे कापड आणि चिकटपट्टी ठेवावी, तेव्हा दुकानांतून दोन्ही वस्तू गायब झाल्या. आमच्या सौभाग्यवतींनी न्हाणीघराची खिडकी खरोखरच बंद करून टाकली आणि पुढे तीन महिने आम्ही ओल्या भिंतींचा वास सहन केला.

अशा दिवसांत एका संध्याकाळी पाहणीवाल्यांचा फोन आला. एका बाईंनी अत्यंत सभ्यपणे विचारले की राष्ट्राध्यक्षांच्या इराकविषयक निर्णयाला आपला पाठिंबा आहे का. माझे मत विरोधाचे होते. परंतु आपला फोन क्रमांक त्यांच्याकडे आहे, नाव सांगितले तर ते परके आहे आणि ग्रीन कार्डाचा अर्ज मधेच अडकला आहे, हे सगळे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले आणि मी म्हणालो, "पूर्ण पाठिंबा आहे." फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, "एवढे 'पूर्ण' कशाला म्हणायला हवे होते?"

तेव्हा माझा हिशेब टेम्सकाठचा यांच्या उलटा आहे. कागदावर मी समर्थक आहे आणि आठवणीत विरोधक. खरे कोणते मानायचे?

खवचट :
एडिसनकर, पाहणीत 'पत्नी ऐकत असताना' आणि 'पत्नी ऐकत नसताना' असे दोन रकाने हवेत.

अवांतर : फ्रान्सने युद्धाला विरोध केला म्हणून अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहात 'फ्रेंच फ्राइज'चे नाव बदलून 'फ्रीडम फ्राइज' केले होते. २००६ मध्ये गाजावाजा न करता जुने नाव परत आले. आपल्याकडे २०२० मध्ये रामदास आठवले यांनी चायनीज खाद्यपदार्थांवर बंदी घालण्याचे सुचवले होते, पण चायनीज भेळेच्या एकाही गाडीने नावाची पाटी उतरवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. या बाबतीत आपण अधिक प्रगल्भ आहोत.

वऱ्हाडी वाचक :
भारताची भूमिका कोणीच काढली नाही याचे आश्चर्य वाटते. आपणही तेव्हा तळ्यात-मळ्यात होतो. वाजपेयींनी संसदेत 'मध्यम मार्ग' म्हटले. युद्ध सुरू झाल्यावर विरोधी पक्षांना निषेधाचा कडक ठराव हवा होता आणि सरकारला अमेरिकेला न दुखावणारा. अखेरीस ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने एकमताने ठराव केला, त्या वेळी अध्यक्षस्थानी आपले मनोहर जोशी होते. तोडगा भाषेत सापडला. हिंदीत 'निंदा' हा शब्द घातला, जो विरोधकांना पुरेसा कडक वाटला, आणि इंग्रजीत त्यासाठी सौम्य खेद दाखवणारा शब्द वापरला गेला. दुसऱ्याच दिवशी बगदादच्या फिरदौस चौकातला सद्दामचा पुतळा पडला, म्हणजे ज्याची निंदा केली ते जवळपास उरकलेच होते.

खरी कसोटी पुढे आली. अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडे सुमारे सतरा हजार सैनिकांची डिव्हिजन मागितली. सरकारात होकाराच्या बाजूची वजनदार माणसे होती. आमच्या नागपूरचे, भाकपचे कॉम्रेड ए. बी. बर्धन सांगत असत की ते आणि माकपचे सुरजीत या संदर्भात वाजपेयींना भेटायला गेले, तेव्हा वाजपेयींनी त्यांनाच विचारले की तुमचा विरोध एवढा हळू आवाजात का चालला आहे. दोघे काय समजायचे ते समजले आणि आंदोलनाचा जोर वाढवला. १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नकार दिला आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, अशी पुस्ती जोडली.

मीराताईंना म्हणून सांगावेसे वाटते की मोर्च्याने काही होत नाही हे लंडनपुरते खरे असेल. सरकारलाच नकारासाठी निमित्त हवे असेल, तर रस्त्यावरचा आवाज फार उपयोगी पडतो.

सरळरेषा :
किस्सा सुंदर आहे, पण तो बर्धन यांच्या बाजूने आलेला आहे, एवढे लक्षात ठेवू या. याच धाग्यावर आपण आठवणींवर किती विसंबावे याची चर्चा करत आहोत.

वऱ्हाडी वाचक :
मान्य. नागपूरकर माणसाच्या आठवणीवर शंका घेतल्याचे मात्र टिपून ठेवले आहे.

निवृत्त सुभेदार :
वरच्या सतरा हजारांत आमचाही नंबर लागला असता, म्हणून लिहितो.

मी त्या वेळी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो. २००३ च्या जून महिन्यात संध्याकाळी रेडिओ लागला की बरॅकीत चर्चा हीच. तरुण पोरांना जायचे होते, कारण यूएन मिशनला गेलेले लोक परत आल्यावर घर बांधतात हे त्यांनी पाहिले होते. हे यूएन मिशन नाही, अमेरिकेच्या हाताखाली जायचे आहे, हा फरक त्यांना समजावून सांगणारा कोणी नव्हता, आणि आम्हाला मत विचारणारेही कोणी नव्हते. फौजेत ते विचारत नाहीत आणि विचारू नये, असेच मी मानतो. परंतु गावाकडून पत्नीचा फोन आला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला : "ते आपल्या देशाचं काय लागतं?" मला उत्तर देता आले नाही.

तरुणांना मी तेव्हा एक गोष्ट सांगत असे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी इराकमध्ये पाठवलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बगदाद हाताशी आले असे वाटत असताना नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनपासून मागे फिरावे लागले, कूत-अल-अमारा येथे वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. शेवटी खायला तोफखान्याचे घोडे उरले होते. कैदेतून कितीतरी जण परत आलेच नाहीत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून ती माणसे गेली, त्या घरांना युद्धाला पाठिंबा आहे का असे कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

१४ जुलैच्या रात्री बातम्या संपल्यावर एका पोराने मला म्हटले, "साहेब, घराचं राहिलं." मी त्याला काही बोललो नाही.

मुठाकाठी :
सुभेदार साहेब, आपल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. त्या युद्धातही अटीसह पाठिंबा हा प्रकार होताच. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक सहकार्याला तयार होते, पण स्वराज्याच्या प्रश्नासह. ते राजकीय मुद्द्याकडे वळताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले आणि टिळक व्यासपीठ सोडून निघून गेले. वर सरळरेषा यांनी म्हटलेल्या ब्रिटिश नागरिकांची अट सैन्य आत शिरताच विरली. टिळकांनी आपली सोडली नाही.

संपादक मंडळ :
युक्रेन आणि गाझा यांविषयीचे चार प्रतिसाद स्वतंत्र धाग्यावर हलवले आहेत. कृपया येथे इराकपुरतेच लिहावे.

कुवेतवासी :
येथे सर्वांनीच विरोध हे शहाणपणाचे आणि समर्थन हे लाजेचे लक्षण धरलेले दिसते. माझे समर्थन होते, आजही मी ते नाकारत नाही, आणि त्याला कागदही आहे : २ ऑगस्ट १९९० नंतर रिकाम्या झालेल्या माझ्या बँक खात्याचे पासबुक.

सद्दामचे सैन्य कुवेतमध्ये आले त्या दिवशी मी साल्मियात राहत होतो. दोन आठवड्यांनी आम्ही सात कुटुंबे बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोहोचलो, वाळवंटातल्या तंबूत नऊ दिवस काढले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आलो. अशी सुमारे एक लाख सत्तर हजार माणसे आली. माझ्या हातात एक बॅग आणि मुलीची दुधाची बाटली होती. बारा वर्षांची नोकरी, घर आणि सोने मागे राहिले.

१९९२ मध्ये मी परत गेलो. २००३ मध्ये भोंगे वाजत तेव्हा आम्ही खोलीच्या दारांना ओले टॉवेल लावून बसत असू. २९ मार्चच्या पहाटे सूक शर्क या मॉलपाशी क्षेपणास्त्र पडले आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिले तर छताचे पत्रे लोंबत होते. कुवेतमधील माझ्या ओळखीच्या एकाही माणसाने तेव्हा युद्धाला विरोध केला नाही. आमच्या उंबऱ्यावर येऊन गेलेला माणूस जावा, असे आम्हाला वाटत होते. पुढे इराकी लोकांचे जे झाले ते भयंकर आहे, ते मी पाहतो आणि त्याचे दुःखही आहे. पण त्यासाठी २००३ मधला मी कोणी दुसराच होतो, असे सांगणार नाही.

मीरा क. :
कुवेतवासी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मोर्चात असताना आपल्यासारख्या माणसाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. सद्दाम हा आम्हाला फलकावरचा एक शब्द होता. तरीही मी आज पुन्हा चालले असते. त्या तंबूतल्या नऊ दिवसांचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही.

मुठाकाठी :
'त्या वेळी माहिती अशीच होती, सामान्य माणसाने काय करायचे' हा युक्तिवाद अजून कोणी केला नाही, म्हणून मी करतो. सप्टेंबर २००२ च्या ब्रिटिश सरकारी अहवालात इराक ४५ मिनिटांत अस्त्रे डागू शकतो असे छापून आले, ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत फिती ऐकवल्या आणि उपग्रहचित्रे दाखवली. एवढे सगळे पाहून ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना दोष द्यावा का?

सरळरेषा :
अंशतः द्यावा. १७ मार्चला ब्रिटनच्या रॉबिन कुक यांनी मंत्रिपदाचा राजीनामा देताना भर सभागृहात सांगितले होते की सर्वसामान्य अर्थाने ज्यांना महासंहारक अस्त्रे म्हणतात तशी इराककडे बहुधा नाहीत. हे माजी परराष्ट्रमंत्री बोलत होते, आणि भाषण दूरचित्रवाणीवर होते. तुर्कस्तानच्या संसदेने १ मार्चला अमेरिकी सैन्याला वाट देण्याच्या ठरावावर मतदान केले : बाजूने २६४, विरोधात २५० आणि तटस्थ १९. जास्त मते मिळूनही, उपस्थितांच्या निम्म्याहून अधिक नाहीत म्हणून ठराव पडला. शंका घेण्यासाठी लागणारी सामग्री समोर होती. माहिती नव्हती असे म्हणण्यापेक्षा, तिच्यातली कोणती ऐकायची हे आपण आधीच ठरवले होते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

एडिसनकर :
सरळरेषा यांच्याशी सहमत आहे, पण एक भर घालतो. सप्टेंबर २००३ मध्ये छापून आलेल्या वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकन लोकांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असणे शक्य वाटत होते. तसा पुरावा कोणाकडेच नव्हता. माझ्या कार्यालयात चांगले शिकलेले लोक हे बोलत आणि मी मान हलवत असे. त्या मान हलवण्याची नोंद कुठल्याच पाहणीत नाही.

टेम्सकाठचा :
सर्वांचे आभार. धागा सुरू करताना मी एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगतो. पत्रातले ते वाक्य मी अर्धेच दिले. पूर्ण वाक्य असे आहे : "सद्दामचे एकदाचे काय ते होऊन जाऊ दे, म्हणजे बाजार सावरेल आणि माझे कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढेल." त्या वर्षी आमच्या क्षेत्रात कामे आटली होती आणि माझी मुदत जूनमध्ये संपत होती. अस्त्रे, लोकशाही, कुवेत यांपैकी कशाचाही उल्लेख पत्रात नाही. कुवेतवासींच्या समर्थनामागे सोसलेले काहीतरी होते. माझ्यामागे तीन महिन्यांचे घरभाडे होते. २००३ च्या त्या पाहण्यांत आम्ही दोघेही एकाच रकान्यात पडलो असतो.

मुलीला पत्र दाखवले. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही, तेव्हा प्रकल्पाला जोडण्यासाठी इंग्रजी भाषांतर मीच करायचे आहे. गेले दोन दिवस 'एकदाचे' या शब्दापाशी अडलो आहे. सौम्य शब्द घातला तर मी नुसताच कंटाळलेला माणूस दिसतो. कडक घातला तर युद्धखोर दिसतो. मराठीत तो शब्द आपण नळ दुरुस्त करणाऱ्याविषयीही वापरतो. कोणाला काही सुचते का?

वऱ्हाडी वाचक :
लोकसभेची युक्ती वापरा. मराठीत 'एकदाचे' ठेवा आणि इंग्रजीत खेद व्यक्त करा.

मीरा क. :
शब्द तसाच देवनागरीत ठेवावा आणि तो वडिलांनी नळाविषयीही वापरला असता, अशी तळटीप तिला द्यावी. शिक्षकांना ठरवू द्या.

निवृत्त सुभेदार :
वाक्य मात्र पूर्ण द्या.

टेम्सकाठचा :
पूर्ण दिले आहे. तळटीप लिहायला तिने मला मनाई केली, ती स्वतः लिहिणार आहे म्हणाली.